पसंती कुणाकडून आली?

४ मार्च

ती. वहिनींना,

सा. न. वि. वि. आज खुशाली मागाहून, बातमी आधी. तायडीला पसंती आली! दादांना खुर्चीत बसवून मगच सांगा.

हे स्थळ सुचवणाऱ्या शिंपीणबाईंनी ठरवून दिल्याप्रमाणे मी काल तुमच्या लेकीला घेऊन इटालियन हॉटेलात गेले. स्टेशनजवळचं, लाल चौकटीच्या टेबलक्लॉथचं, एवढीच खूण बाईंनी दिली होती. आमच्या या उपनगरात न्हाव्याच्या दुकानांपेक्षा इटालियन हॉटेलं जास्त झालीत आणि झाडून सगळ्यांना लाल चौकटींचं वेड. पण स्टेशनाच्या समोरच एक दिसलं, तिथे शिरलो. दारातल्या माणसाला मी म्हटलं, की मुलीला घेऊन आलेय, भेटायचं ठरलंय. त्याने आम्हाला थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं. मुलगा आणि त्याच्या आई आमची वाटच बघत होते.

वहिनी, माणसं चांगली आहेत, पण तऱ्हेवाईक. नाव नाही, शिक्षण नाही, मुलाच्या आईंनी पहिल्यांदा तायडीचे हात बघायला मागितले. उलटसुलट करून पाहिले आणि गार आहेत, छान, असं मुलाला म्हणाल्या. मग विचारलं, की आधी कुठे होतीस? मला घाम फुटला. ते मोडलेलं स्थळ यांच्या कानावर गेलं कसं? मी घाईघाईने सांगितलं, की तिथे चूक त्यांचीच होती. त्यावर बाईंनी समजूतदारपणे मान हलवली, हल्ली चांगली जागा मिळणं कठीणच म्हणाल्या. मुलाने विचारलं, की पहाटे उठवतं का, तासन्‌तास उभं राहवतं का, आणि रविवारी सगळ्यात जास्त काम पडतं ते चालेल का. मी म्हटलं, घर म्हटलं की रविवारी काम असायचंच. आमची मुलगी घराचं सोनं करील, हेही ऐकवलं. तायडी मात्र एकटक त्या बाईंकडे बघत होती.

मग तर कहरच झाला. बाई उठल्या आणि तायडीला म्हणाल्या, की चल आत, करून दाखव. आत म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकघरात! मुलगा इमारतींचे नकाशे काढतो असं शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा हे हॉटेल त्यानेच बांधलं असेल म्हणून एवढी मोकळीक, अशी मी मनाची समजूत घातली आणि लसान्या नावाच्या थराथरांच्या पदार्थात काटा खुपसत बसले.

बऱ्याच वेळाने तायडी बाहेर आली ती कोपरापर्यंत पिठाने माखलेली. केसांत पीठ, भुवईवर पीठ, आणि हसत होती. विम्याच्या कचेरीतून रोज संध्याकाळी जो चेहरा घेऊन ती माझ्या घरी येते, तो हा चेहराच नव्हे. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, की आम्हाला पसंत आहे, पण आधी पंधरा दिवस येऊन बघू दे, दोन्हीकडून जमलं तर कायम.

पंधरा दिवस येऊन बघू दे! नवी पद्धत म्हणायची की काय? हो म्हणू की नको, ते तुम्हीच कळवा. लोभ आहेच, तो या स्थळाच्या विचित्रपणामुळे उणा होऊ नये.

तुमची,
नणंद


९ मार्च

प्रिय वन्सं,

अनेक नमस्कार. तुमचं पत्र आलं आणि तुमच्या दादांनी नवा कोट शिवायला टाकला. मीही शेजारीपाजारी सांगून मोकळी झाले. दोन दिवस घरात नुसता आनंदीआनंद. आज सकाळी शिंपीणबाई दारात उभ्या, तोंड फुगवून. त्यांचं म्हणणं, मुलगा आणि त्याची आई स्टेशनाच्या मागच्या अंगाला जे इटालियन हॉटेल आहे तिथे ताटकळत बसले होते. दोन दोन वाट्या सूप प्यायले, कुणी आलं नाही, तेव्हा अपमान झाला म्हणून घरी गेले. आता त्यांना हे स्थळच नको.

मग वन्सं, तुम्ही भेटलात ते कोण? माझ्या लेकीला पसंत कुणी केलं? पंधरा दिवस ती जाऊन बघणार आहे ते कुणाच्या घरी? यांना विचारलं तर म्हणतात, एक स्थळ गेलं तरी दुसरं हाताशी आहे ना. या माणसापुढे मी कुठे डोकं आपटू?

तायडीला उंबऱ्याबाहेर पाठवू नका. उलट टपाली कळवा. मी रागावलेली नाही, पण आता काय असावं तेही कळत नाही.

तुमची,
वहिनी


१२ मार्च

ती. वहिनींना,

सा. न. वि. वि. कोणत्या तोंडाने लिहू? तुमचं पत्र हातात पडल्याबरोबर चपला घालून तशीच हॉटेलात गेले. ते स्थळ नव्हतंच, वहिनी. त्या बाई हॉटेलच्या मालकीण, आणि तो त्यांचा मुलगा, ज्याची बायको गल्ल्यावर बसली होती! त्या दिवशी त्यांच्याकडे स्वयंपाकघरातल्या कामासाठी एक बाई यायची होती. ती आली नाही, आम्ही गेलो. मी ज्याला जावई समजून लाडीगोडी लावली, त्याने मला मुलीची एजंट समजलं.

आणि उंबऱ्याबाहेर पाठवू नका म्हणता, तर ती तिथेच होती. गेले आठ दिवस पहाटे बाहेर पडते. मला वाटत होतं, कचेरीत वर्षअखेरची गडबड असेल. विचारलं तर म्हणाली, आईला मीच लिहिते. मी घरी आले आणि चहा गाळायला घेतला, तो चक्क साखरेच्या डब्यात गाळला.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
नणंद


१३ मार्च

ती. आईस,

शि. सा. न. आत्यावर चिडू नकोस. तिला खरंच काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. पहाटे उठवतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हाच ही माणसं वेगळी आहेत हे लक्षात आलं. सांगायला तोंड उघडलंही, पण त्या म्हणाल्या, करून दाखव. आई, आजवर मला दाखवायला खूप जणांकडे नेलं, करून दाखव असं कुणी म्हटलं नव्हतं.

आत त्यांनी पिठाचा ढीग पुढे ठेवला, मधे खळगा करून अंडी फोडली आणि मळ म्हणाल्या, गार हातांना पीठ चिकटत नाही म्हणे. पहिला गोळा बिघडला. त्यांनी तो टाकून दिला आणि काही न बोलता दुसरं पीठ पुढे केलं. कचेरीत एक कागद चुकला तर साहेब सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. दुसरा गोळा जमला. का जमला, ते मला अजून सांगता येत नाही.

कचेरीतून रजा घेतली आहे. पंधरवडा संपला की राजीनामा देईन म्हणते. हे बरोबर की वेडेपणा, याचं उत्तर मला सकाळी एक येतं आणि संध्याकाळी दुसरं. बाबांना तूच सांग. राग ओसरला की दोन ओळी पाठव, नाही ओसरला तरी पाठव.

तुझी,
तायडी


२५ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन तुम्हाला न भेटता परत गेले, त्याची आधी माफी. रविवारी मी एकटीच आले होते. यांना माझ्या बहिणीकडे जाते सांगितलं. तायडीची बॅग भरायची आणि संध्याकाळच्या गाडीने तिला घरी आणायची, हे मनात पक्कं होतं.

हॉटेल खच्चून भरलेलं. भिंतीकडेचं टेबल मिळालं. मेनूकार्डातला एक शब्द कळेल तर शपथ. वेटरला म्हटलं, आतली नवी मुलगी जे करते ते आण. रविओली आली, म्हणजे पातळ पारीत भरलेलं सारण. चव विचाराल तर सांगता येणार नाही, कारण ताटल्या जिथून बाहेर येतात त्या खिडकीतून ती दिसत होती आणि मी तिकडेच बघत होते. एका दांडग्या आचाऱ्याला ती झापत होती. तो खाली मान घालून ऐकत होता. पाहुणे आले की दाराआड लपणारी आपली तायडी!

मालकीणबाई टेबलांवरून फिरत माझ्यापाशी आल्या. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. पारी आवडली का विचारून मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, की ही मुलगी आम्हाला चुकून मिळाली. मला राग यायला हवा होता. आला पाणी होऊन, डोळ्यांतून. बाई घाबरल्या. मी तिची आई आहे, असं कसंबसं सांगितलं, तशा आत धावल्या.

तायडी बाहेर आली. मला वाटलं, ही आता रडेल नाहीतर हुज्जत घालेल. तिने आधी माझ्या ताटलीत पाहिलं आणि विचारलं, की मीठ बरोबर आहे का. मी म्हटलं, किंचित कमी. तिने बोटाने चाखलं, खरंच की, म्हणाली, आणि आत पळाली. घरी चल, हे माझ्या तोंडातच राहिलं.

थोड्या वेळाने दुसरी ताटली घेऊन आली आणि मी घास घेईपर्यंत समोर उभी राहिली. या वेळी मीठ बरोबर होतं. तसं तिला सांगितलं, पर्स उचलली आणि एकटीच गाडीला गेले.

मला अजून नीटसं काही उमगलेलं नाही, वन्सं. पण यांना सगळं सांगितलं आहे, आणि पुढच्या खेपेला आम्ही दोघं तुमच्याकडेच उतरू. तोवर मायेत अंतर पडू देऊ नका.

तुमची,
वहिनी