गेली म्हणजे कुठे?

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असशील. दचक बापडा. मी गेले काही दिवस दचकतेच आहे, त्यातलं थोडं तुझ्याही वाट्याला यायला हवं. इतक्या वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि त्यात खुशालीसुद्धा धड कळवता येऊ नये, कारण बातमीच तशी आहे. दादा, मी मेले. चेष्टा करत नाही. मतदार यादीतून माझं नाव वगळलंय आणि पुढे कारण दिलंय, मृत. ते वाचलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? आपण मेलोय तर बोटांना एवढा चटका कसा बसतोय!

तुझ्या कानावर आलं नसेल म्हणून सांगते, माझी ड्रायव्हिंग स्कूल आता बरी चालते. पुढे एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, मागे माझी राहायची खोली आणि दारात दोन गाड्या. दोन्हींना माझ्या पायाखालीही ब्रेक आहे, म्हणून तर आजवर हातपाय शाबूत राहिले. शिकायला येतात ती बहुतेक नुकती अठराची झालेली पोरंपोरी. गाडी म्हटली की अंगात वारं शिरतं त्यांच्या, पण मतदार म्हणून नाव नोंदवलंस का, असं विचारलं की मी एरंडेल पाजतेय अशी तोंडं करतात. म्हणून मी नियमच करून टाकला. आधी नाव नोंदवल्याची पोच दाखवा, मग क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते सांगते. एक वडील भांडायला आले होते, म्हणाले, बाई, तुम्ही गाडी शिकवा, नसते उद्योग कशाला करता? मी म्हटलं, स्टिअरिंग कोणाच्या हातात द्यायचं आणि कोणाच्या नाही, हा तर माझा धंदाच आहे. तेच वडील पुढच्याच आठवड्यात बायकोचा अर्ज घेऊन आले. यंदा तर राज्याची निवडणूक तोंडावर आलेली, त्यात राज्यभर सगळ्या याद्या घरोघर जाऊन तपासायचं निघालं. मी रिकाम्या वेळात लोकांच्या दारात उभी राहून सांगत होते, नाव बघून घ्या, नंतर बोंब मारू नका.

आणि माझंच नाव मी बघितलं नव्हतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझ्याकडे एक नर्स गाडी शिकते, तिचं नाव सापडत नव्हतं म्हणून तिला घेऊन नोंदणी कार्यालयात गेले होते. बाहेरच्या भिंतीवर वगळलेल्या नावांचे कागद लावलेले. आम्ही दोघी बोट फिरवत खाली येत होतो, आणि तिचं बोट थांबलं. मॅडम, हे नाव तुमच्यासारखंच आहे, म्हणाली. मी म्हटलं, असेल कोणीतरी. मग घराचा क्रमांक वाचला, आपल्या घराचा. मग बाबांचं नाव. दादा, पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी भिंतीला हात टेकवला, तर तो हातही नेमका त्याच कागदावर पडला. ती पोरगी रोज दवाखान्यात मरण बघणारी, पण तिचंही तोंड पांढरं पडलं होतं. परतताना चौकात माझी गाडी बंद पडली. बंद पडली म्हणजे मीच पाडली, क्लच सोडताना, शिकाऊ माणसासारखी. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला किल्ली फिरवायचं सुचत नव्हतं.

कार्यालयातल्या बाई चांगल्या होत्या हो. मी समोर उभी, खिशात लायसन्स, तेही ह्याच महिन्यात नवं करून मिळालेलं. म्हणजे एका खिडकीवर मी लोकांना गाडी शिकवायला लायक आणि दुसऱ्या खिडकीवर तिरडीवर चढवलेली. बाई म्हणाल्या, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी राहते तिथल्या पत्त्यावर नवा अर्ज घ्या. तर म्हणाल्या, मेलेल्या माणसाचा नवा अर्ज चालत नाही, आधी तुम्हाला जिवंत करून घ्यावं लागेल. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी हसलेच. मत म्हणजे काय फार मोठं, एक बटण दाबायचं असतं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांना त्याच्यासाठी हाकलत नेलं, आणि आता मी बाहेर फुटपाथवर उभी राहणार, ही कल्पनाच मला सहन होईना. माझ्यामागून येणारी ती सगळी पोरं बोटाला शाई लावून मला दाखवणार, आणि मी काय दाखवणार? मी विचारलं, मी मेले असं सांगितलं कोणी? बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, घरच्यांनी.

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू, तशीच गाडी काढून तुझ्या गल्लीत आले होते. मनात ठरवलं होतं, दारात उभी राहते आणि हॉर्नवर हात ठेवते, बाबांनी ठेवलेलं नाव सार्थ करते. सगळ्या गल्लीला कळू दे की मेलेली बाई कशी बोंबलते. दोरीवर तुझा तो निळा सदरा वाळत होता. कॉलर उलटवून शिवलेली, अजून तोच घालतोस! वहिनी चिमटे लावत होती, तिने वर पाहिलं नाही. मी हॉर्न वाजवला नाही. रागाने बोलायला आलेल्या माणसाला सदऱ्याने गप्प करावं, असं कधी ऐकलंयस?

आता तुला वाटेल, ही राहते दुसरीकडे आणि नाव आमच्या घरात कसं? कार्यालयातल्या बाईंनीही तेच विचारलं. स्थलांतरित असं लिहिलं असतं तर मी निमूटपणे मान खाली घातली असती, कायद्याने तेच बरोबर. मी सगळ्यांना सांगत असते की घरमालक भाड्याचा कागद देत नाही, आणि देत नाही हे खरंच आहे. पण मागितला असता तर मिळाला असता, दादा. मी मागितला नाही. आपल्या घरातलं एकेक नाव कमी होत गेलं, आधी बाबा, मग आई. आता यादीत तुझं, त्याच्याखाली वहिनीचं आणि त्याच्याखाली माझं. घरात जागा नव्हती तरी यादीत आपण एकाखाली एक होतो. मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकापाशी उभी राहायची, तुम्ही दोघं रांगेत लागलात की मागोमाग शिरायची. तुझं नाव मोठ्याने वाचलं जायचं, मग वहिनीचं, मग माझं. एका दमात. तू मागे वळून बघायचा नाहीस, पण मागच्या वेळी तू दाराशी छत्री झटकायला नको इतका वेळ लावलास, ऊन लख्ख पडलेलं असताना. मला वाटलं होतं, ते माझं नाव ऐकण्यासाठी.

आपलं भांडण कशावरून झालं ते तुला सांगायला नको. नवरा सोडून आलेली बहीण तू घरात घेतलीस, त्याबद्दल मी कधी कृतघ्न नव्हते. पण तीच बहीण परक्या पुरुषांच्या शेजारी बसून त्यांना गाडी शिकवते, हे काही तुझ्या घशाखाली उतरेना. लोक काय म्हणतात, लोक काय म्हणतात. जेवताना तू म्हणालास, एक तर ही गाडी या दारात राहील नाही तर मी. मी हात धुतले आणि गाडी घेऊन निघाले. त्याचा मला आजही पस्तावा नाही. फक्त एक गोष्ट आठवते. घरातून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे आईने आपल्या दोघांच्या डोक्यात लहानपणापासून ठोकून बसवलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी येते. त्या दिवशी उंबऱ्यावर उभी राहून मी मुद्दाम, एकेक अक्षर वेगळं करत म्हणाले, जाते. तुझा चेहरा मी पाहिला होता.

परवा मी त्या शाळेत गेले. आपल्या भागातली घरं तपासायचं काम तिथल्या एका मास्तरांकडे होतं. शिक्षकांच्या खोलीत ते वह्या तपासत बसले होते. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, मी ती मेलेली. त्यांच्या हातातलं पेन वहीवरून जे घसरलं, त्या बिचाऱ्या पोराच्या निबंधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ. भांडायचं ठरवून गेलेल्या मला त्यांना पाणी द्यावं लागलं. मग ते जे म्हणाले ते तसंच्या तसं लिहिते. म्हणाले, मी दारावर गेलो, एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांचं नाव, बरोबर. त्यांच्या मंडळींचं नाव, बरोबर. मग तुमचं नाव वाचलं. त्यांनी माझ्या हातातली यादी घेऊन ते नाव स्वतः वाचलं. मग म्हणाले, ती गेली. एवढंच. आणि दादा, मास्तर म्हणाले, त्यांचे डोळे भरून आले होते हो. कधी गेली, कशाने गेली, हे विचारायचा माझा धीर झाला नाही. मी हात जोडले आणि निघालो.

आपल्याकडे ध चा मा केल्याची गोष्ट सांगतात, इथे तर अक्षरही बदलावं लागलं नाही. मी जाते म्हणाले होते, तू गेली म्हणालास. व्याकरणाने तुझं काहीच चुकलं नाही. चांगल्या माणसाने चांगुलपणाने पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि मी मेले. त्या भिंतीवरच्या कागदांत मग मी पुन्हा नीट पाहिलं. आमची नर्स सापडली, तीही मृत. ती रात्रपाळीला गेली होती, घरमालकीण म्हणाली, गेली. एक ट्रकचालक माल घेऊन गेला होता. वसतिगृहातली पोरं परीक्षा संपवून गावाला गेली होती, त्यांच्यापुढे स्थलांतरित. सगळी कशी गेली! राज्यभर असं किती दारांत झालं असेल! आता मी गाडीवर पाटी लावलीय, तुम्ही आहात का ते तपासा. लोक हसतात, मग जाऊन तपासतात. नर्सचं काम झालं, तिची घरमालकीण स्वतः येऊन सांगून गेली. पोरांचे अर्ज मी भरून घेतेय.

माझं मात्र माझ्या हातात नाही, आणि त्यासाठीच हे पत्र. ज्या घराने गेली म्हणून सांगितलं, त्याच घरातल्या मोठ्या माणसाने येऊन समोर सांगायचं असा नियम आहे. शुक्रवारपर्यंत हरकती घेतात, नंतर यादी बंद. एकदा जिवंत झाले की नाव माझ्या इथल्या पत्त्यावर हलवावं लागेल, बाईंनी तसं बजावलंय आणि मीही कबूल केलंय. म्हणजे यंदापासून माझं मतदान दुसऱ्या शाळेत, यादीत तुझ्याखाली मी असणार नाही, आणि तुला उन्हात छत्री झटकत बसावं लागणार नाही. तेव्हा मला भेटायचं झालं तर आता सरळ भेटावं लागेल. शुक्रवारी सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येते. तू शेजारी बस, ब्रेक माझ्याही पायाखाली आहे, घाबरू नकोस. खिडकीपाशी त्या बाई माझ्याकडे बोट दाखवून तुला विचारतील, ही कोण? जास्त बोलू नकोस, तुला जमतही नाही. माझी बहीण आहे म्हण, आणि त्यातला आहे जरा मोठ्याने म्हण, कॉम्प्युटरला कमी ऐकू येतं. त्या दिवशी उंबऱ्यावर राहिलेला शब्द आज लिहिते.

येते.

तुझीच,
भोंगा