इन्सुकताईची साक्ष

प्रिय माल्सुन,

इन्सुकताई गेल्याचं तुला तिऱ्हाइताकडून कळलं म्हणून तू रागावलीस. रागव. तूही माझ्याबरोबरच तिच्याकडे पियानो शिकलीस, तुझा हक्कच आहे. पण मला लिहायलाच जमेना. आप्पा चर्चचे पाळक, आणि पाळकाच्या घरात रडायचं तरी मंडळीला बरं दिसेल असं रडावं लागतं.

तू नर्सिंगला ग्वांगजूला गेलीस त्यानंतरही तिची शिकवणी तशीच भरत होती. थंडीत पोरं आली की आधी खालून शेकोटीने तापवलेल्या जमिनीवर तळवे टेकून बसायचं, मगच पियानोला हात. कुणी चुकलं की म्हणायची, "अरे, ही बोटं आहेत की किमचीच्या लोणच्यातला मुळा? प्रभूलाही चूक ऐकू येते, पण तो ओरडत नाही. मी ओरडते." पोरं खिदळायची. पहाटेच्या प्रार्थनेला आप्पांच्याही आधी ती चर्चमध्ये असायची. गार पडलेल्या पियानोशेजारी गुडघे टेकून, ओठ न हलवता. तिची भक्ती खरी होती, माल्सुन. ते विसरू नकोस, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही.

ईस्टरच्या आधी तिला छातीत गाठ लागली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ग्वांगजूला न्या, उशीर करू नका. आप्पा तिला उपास-प्रार्थनेसाठी प्रार्थनेच्या डोंगरावर घेऊन गेले. तिथे एक बाहेरगावचे प्रवचनकार आले होते. त्यांनी उपाशी ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटी, तू बरी झालीस." पुढच्या रविवारी आप्पांनी भर उपासनेत ते जाहीर केलं आणि ताईने उभं राहून आपण बरी झाल्याची साक्ष दिली. ती खोटं बोलत नव्हती. तेव्हा खरंच दुखत नव्हतं. आपल्या मोक्पोतच नव्हे, बेटांवरच्या मंडळ्यांतही तिला साक्ष द्यायला बोलावू लागले. आप्पा होडीत तिच्याशेजारी बसायचे. इतके सुखी मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

पानगळीत दुखणं परत आलं. ती मला न्हाणीत बोलवायची आणि म्हणायची, "जंगिम, ही पट्टी घट्ट बांध. अजून घट्ट." मी म्हटलं, "ताई, आप्पांना सांग ना!" तर म्हणाली, "काय सांगू? प्रभूने दिलेलं परत घेतलं म्हणून? अगं, माझ्यामुळे माणसं विश्वासात आली आहेत. मी तोंड उघडलं तर ती सगळी कुठे जातील?"

तरी तिने एकदा तोंड उघडलं. ग्योंगजाची आई आठवते ना, बाजारात मासळी विकणारी? ताईची साक्ष ऐकून तिने पोरीचं आकडीचं औषध बंद केलं होतं. ते कळल्यावर ताई तशीच बाजारात गेली. तिने त्या बाईला दुकानामागे नेलं आणि ब्लाउजची बटणं सोडून छाती दाखवली. "हे बघा, मी बरी नाही. आजच औषध सुरू करा." त्या बाईने ताईची बटणं परत लावली. तिने पोरीचं औषध सुरू केलं आणि ताईचं गुपित कुणापाशी बोलली नाही. ग्योंगजा आता धडधाकट आहे, शाळेत जाते.

नाताळात ताईचा उजवा हात वर होईना. तिने मला बाकावर शेजारी बसवलं. डाव्या हाताचं तिने वाजवलं, उजव्याचं मी. समोर मंडळी कौतुकाने बघत होती. "बहिणी बघा, कशा एका जिवाच्या!" तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता आणि दर गीतागणिक जड होत होता. शेवटच्या गीताला तिने मान खाली घातली. मला वाटलं प्रार्थना करतेय. ती शुद्धीवर नव्हती.

मग आप्पांना सगळं कळलं. त्यांनी तिला पाठीवर घेऊन बस गाठली आणि इस्पितळात नेलं, तुझ्याच शहरातल्या, पण तिथे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बर्फ वितळायच्या आत ती गेली. सत्ताविसावं नुकतंच लागलं होतं. अंत्यविधीला आप्पा म्हणाले, "प्रभूने माझ्या मुलीला आता पूर्ण बरं केलं आहे," आणि मंडळी "आमेन" म्हणाली. मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, "मनात कुठेतरी शंका असणार तिच्या." मी पियानोवर बसले होते. मला वाजवावं लागलं.

आता दर रविवारी मीच वाजवते. पोरंही माझ्याकडेच येतात. आणि माल्सुन, मी हे पत्र ताईसाठी लिहीत नाहीये. मागच्या महिन्यात न्हाताना मला काखेजवळ गाठ लागली. पियानोचं झाकण लावताना मी हात आखडला, तो आप्पांनी पाहिला. "जंगिम, काय होतंय?" मी दुसऱ्या हाताने झाकण लावलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. रविवारी तेच प्रवचनकार येणार आहेत. आप्पा दुष्ट नाहीत गं. मला डॉक्टरकडे नेलं तर ताईलाही नेता आलं असतं, हे त्यांना कबूल करावं लागेल, आणि ते कबूल करून ते जगू शकणार नाहीत. शिवाय मलाही हवंसं वाटतं, कुणीतरी डोक्यावर हात ठेवून म्हणावं, तू बरी झालीस. मला त्याचीच भीती वाटते. गुरुवारी सकाळच्या बसने मी तुझ्याकडे निघणार आहे. स्टँडवर ये. बसमधून मी उतरले नाही, तर परतीच्या बसने तू इकडे ये आणि आप्पांच्या देखत मला घेऊन जा. मी नको म्हणेन. हसून म्हणेन, मला आता काही होत नाहीये. माझं ऐकू नकोस.

तुझीच,
जंगिम