राखशेठ खोडू नका

सोमवार, १३ मार्च १९७८

अहो,

मी पंचवटीत छापखान्यात जातेय. माझ्या गोष्टीच्या पुस्तकाचा पहिला फर्मा आज मशीनवर चढणार आहे. वरणभात झाकून ठेवलाय. जेवल्यावर गोळी घ्या.

प्रुफं तुम्ही बारकाईने तपासलीत. माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, ते मान्य. पण बेचाळीस ठिकाणी ‘राखशेठ’ खोडून ‘राक्षस’ केलंत! मास्तर निवृत्त झाले, लाल शाई काही निवृत्त होत नाही. त्या बेचाळीस दुरुस्त्या मी रद्द केल्यात.

आपल्या निर्मलाने चार वर्षांची असताना ‘राक्षस’ऐवजी ‘राखशेठ’ ऐकलं, आणि चुलीच्या राखेत पेढी मांडून मुलांचं रडणं विकत घेणारा शेठ आपल्या घरात आला. कपाळाला राख फासून “बोला बाई, आज रडण्याचा भाव काय?” असं तुम्हीच विचारायचात. ती रडता रडता हसायची. मी फक्त ते लिहून काढलं. तुम्हालाही सगळं आठवतं, म्हणून तर ते नाव इतकं दाबून खोडलंय.

तिने तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली. तुम्ही तिला एक ओळ लिहिली नाहीत. कळवणला आता तिची मुलगी चार वर्षांची आहे. पुस्तकाची पहिली प्रत त्या नातीला जाईल.

त्या प्रतीसाठी तुमच्या चष्म्याखाली कोरं पाकीट ठेवलंय. माझं अक्षर निर्मलाला दर महिन्याला दिसतं. पत्ता तुम्ही लिहा.

फक्त लाल शाईने नको.

— सिंधु