प्लास्टिकचा पेशंट

ती. ताईस,
पाया पडून लिहिते. नांदेडला मी बरी हाय, मेसचं जेवण आता गोड लागतं. आईला झोप लागती का?

काल नर्सिंगच्या कॉलेजात मॅडमनी सरावाला प्लास्टिकचा पेशंट दिला. तो घामाघूम, बरळणारा, दारू पिलेला हाय असं धरायचं. मी म्हणलं, "झोपू द्या त्याला." मॅडमनी अडवलं न्हाई. मशीनच्या पडद्यावर पेशंट मेला. पोरी हसल्या.

मॅडम ओरडल्या, "दारूचं ऐकलं की डोकं बंद? शुगरची गोळी घेणारा माणूस, त्याची साखर उतरली होती!"

ताई, अप्पाही शुगरची गोळी घ्यायचे. शेवटच्या दिवशी असंच बरळत होते. आईनं "दारू उतरू द्या" म्हणून बाहेरून कडी लावली. चमचाभर साखरेनं वाचले असते गं.

आईला हे सांगू नको. मी काय शिकून राहिले विचारलं, तर इंजेक्शन द्यायला म्हण.

तुझीच,
उज्वला