पूजेचा हिरवा रंग

बुधवार, फरीदाबाद

१. लेथवर लाकूड फिरत असताना टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक दाबून धरणारा भाग, मागे सरकला.
२. लाकूड सुटून माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळलं.
३. वर्कशॉपचे इनचार्ज चौधरीजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, कसने के लिए हाथ में दम चाहिए. आप ड्रॉइंग ही बनाइए." आणि मला लेथवरून काढलं.

दम! टेलस्टॉक जागी आवळणारा लीव्हर मी शेवटपर्यंत कसला होता. सुट्टी झाल्यावर टेलस्टॉक उतरवून पाहिला. खालच्या पकडपट्टीवर हिरवा रंग, रंगावर तेल. विश्वकर्मा पूजेसाठी चौधरीजींनीच मशिनं रंगवून घेतली होती. जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं, तिथेसुद्धा. पकड बसणार कशी? रंग खरवडला, तेल पुसलं, टेलस्टॉक परत बसवून लीव्हर कसला. आता हातोडीनं ठोकलं तरी हलत नाही.

तेव्हाच का नाही बोलले मी? सगळे हसले. अगदी कानाजवळून गेलं ते लाकूड.

हिरव्या रंगाचे पापुद्रे पुडीत बांधलेत. उद्या ते चौधरीजींच्या टेबलावर ठेवून, सगळ्यांसमोरच, एवढंच म्हणणार: मला लेथ परत देणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत सांगा.