उन्हात घातलेली उशी

आये, मान धरली आहे. बरेच दिवस झाले. उजवीकडे बघायचं तर अख्खी मी वळते, बैलगाडी वळावी तशी. उपाय म्हणून तुझाच केला, उशी अंगणात उन्हात घातली. काजूच्या कारखान्यात तू दिवसभर मांडी घालून, हनुवटी छातीला टेकवून सालं काढायचीस आणि मान धरली की शिक्षा उशीला व्हायची. "उन्हात घातलंय गो, आता सुटतली," म्हणायचीस. सुटायचीही कधीकधी, बहुतेक रविवारी, कारखाना बंद असायचा तेव्हा.

मला ते काम करू द्यायचं नाही म्हणून तू शिरोड्याहून जुनं शिलाई मशीन आणलंस. टेम्पोतून उतरवताना तुझा चेहरा मला अजून दिसतो. "ह्या वाकान करूचा काम तुका नको. तू स्टुलार बस," म्हणालीस. मी स्टुलावर बसले आणि मान खाली घातली, ती आजवर खालीच आहे. ब्लाउज, फॉल, हुक, शाळेचे गणवेश. संध्याकाळी तू मागून यायचीस, खोबरेलाचा अंगठा मानेत दाबायचीस. "वर बघ गो जरा. ब्लाउज खंय पळान जाणा नाय." तुझी स्वतःची मान तेव्हा वळत नव्हती.

परवा डॉक्टरकडे गेले. माझ्या लेकीच्या वयाची पोरगी आहे, पण शांतपणे समजावते. तासन्तास पुढे वाकून बसलं की डोक्याचा सगळा भार मानेच्या स्नायूंवर येतो, म्हणाली. एकाच खांद्यावर जड पिशवी, मोबाईल, काळजीने आखडलेले खांदे हेही त्यात भर घालतात. वय झालं की मणके झिजतात, मधली गादी सरकते, नस दबते. मग विचारलं, "उशी उंच आहे का?" मला हसूच आलं. आपली सावरीच्या कापसाची उशी उन्हात घातली की टम्म फुगायची, आणि तू त्याच रात्री तिच्यावर मान ठेवायचीस. म्हणजे इतकी वर्षं औषध म्हणून आपण दुखणंच ऊन देऊन वाढवत होतो. हे तुला सांगायला हवं होतं, तू आधी मला वेड्यात काढलं असतंस आणि मग पोट धरून हसली असतीस.

त्यानंतर तिने विचारलं, "हाताला मुंग्या येतात का? बोटं बधिर होतात का? तसं असेल तर मशीन बंद करावं लागेल, गोव्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल." मी नाही म्हटलं. ती कागदावर लिहीत होती, मी पदर सारखा करत होते. मशीन बंद केलं तर मी कोण उरते गो? मला दुसरं काही येत नाही, आणि घर ह्याच्यावर चाललंय. खरं सांगायचं तर दमलेय मी, पण थांबायची भीती जास्त वाटते.

तू गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार? कोणी वाचायचं नाही, म्हणून तुला सांगते. काल हुक लावताना एका नवरीच्या ब्लाउजवर लाल ठिपका दिसला. कुंकू असेल म्हणून पुसायला गेले तर तो पसरला. सुई बोटात शिरली होती, आये, आणि मला कळलंच नव्हतं.