जास्तीचे दोन डबे

रेडमंड, मंगळवार, ६ मे. संध्याकाळ.

सुटले एकदाची! ग्रीनलँडच्या बर्फावर अडकलेले आमच्या प्रयोगशाळेतले चौघेही सुखरूप आहेत. वादळामुळे नऊ दिवस विमान उतरूच शकले नव्हते. आज त्यांच्यातल्या मुक्ताताईचा फोन आला. आवाज बसलेला, खोडकरपणा मात्र तसाच.

"अगं स्कॉलर, स्टोव्हच्या इंधनाचा शेवटचा डबा अर्धा उरला होता. बर्फ वितळवून पाणी प्यायलो ते तुझ्यामुळे. काय कॅल्क्युलेशन केलंस यार!"

मी नुसतेच "हं" म्हणाले. खरे का सांगितले नाही?

त्यांच्या सामानाची यादी करायचे काम माझ्याकडे होते. माझे गणित आठ डब्यांचे होते. दोनदा ताळा करून पाहिला होता. तरी यादीत मी दहा लिहिले. "दहा का?" असे सरांनी विचारले, तेव्हा इंग्रजीत एक वाक्यही सुचले नाही. त्यांनीच हसून सही केली. सांगणार तरी काय? की आई तांदूळ घेताना अवचित येणाऱ्यासाठी एक मूठ जास्त टाकते? ते दोन डबे म्हणजे तीच मूठ.

शुक्रवारी ताई जेवायला येणार आहे. तांदूळ तिच्यासमोरच घेईन, वर एक मूठ जास्त, म्हणजे मला काही बोलावे लागणार नाही.